पुण्याचा फ्लॅट, इंग्लंडचा कर

प्रश्न : आम्ही नवराबायको डिसेंबर २०२३ मध्ये रेडिंगला आलो. त्याआधी कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. फ्लॅट एकट्या मिस्टरांच्या नावावर आहे, आज त्याचे ८५ लाख तरी येतील, सध्या भाड्याने दिलाय. इथे साडेतीन लाख पौंडांचं घर ठरवलंय. मॉर्गेज ब्रोकर म्हणाला होता, इथलं पहिलंच घर, अडीच हजार पौंड स्टॅम्प ड्युटी पडेल. आता सॉलिसिटर पंचवीस हजार सांगते. दहापट! घर फक्त माझ्या नावावर घेतलं तर सुटका होईल का? मिस्टर म्हणतात, पुण्यातल्या फ्लॅटचा इथे कोणाला पत्ता लागणार? — एक वाचक, रेडिंग

उत्तर : पंचवीस हजारच भरावे लागतील. पण त्यातले साडेसतरा हजार परत मिळण्याची वाट तुमच्याकडे आहे, आणि ती तुम्हाला अजून कोणी सांगितलेली दिसत नाही. म्हणून हे पत्र आधी घेतलं.

ब्रोकरने तुम्हाला ‘फर्स्ट टाइम बायर’ धरलं. ही सवलत जगात कुठेही कधीच घर नसलेल्यांसाठी आहे, आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघांनाही ती अट लागू. मिस्टरांचं कोथरूडला घर आहे, म्हणजे ती गेली. मग उरतो नेहमीचा दर : पहिल्या सव्वा लाखाला शून्य, पुढच्या सव्वा लाखाला २ टक्के, वरच्या एक लाखाला ५ टक्के, मिळून ७,५०० पौंड. त्यावर दुसऱ्या घराचा जादा कर. एप्रिल २०१६ मध्ये तो आला तेव्हा ३ टक्के होता, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के झाला. तो वरच्या टप्प्यावर लागत नाही, पहिल्या पौंडापासून पूर्ण किमतीवर लागतो. साडेतीन लाखांचे ५ टक्के म्हणजे १७,५००. झाले पंचवीस हजार.

घर एकट्या तुमच्या नावावर घेऊन काही साधणार नाही. एकत्र राहणारे नवराबायको या कराच्या हिशेबात एकच. त्यांचं तिकडचं घर ते तुमचंच. फ्लॅट मुलाच्या नावावर करायचा विचार कोणी सुचवला तर तोही सोडा, मूल अठराच्या आतलं असेल तर त्याचं घर आईबापाचं धरतात. खरेदीदाराच्या मालकीचा हिस्सा ४०,००० पौंडांच्या आत असेल तर तो मोजत नाहीत, हे खरं. पण पौंड ११५ रुपयांचा धरला तर ही रेषा ४६ लाखांवर येते. तुमचा फ्लॅट ७४,००० पौंडांच्या आसपास जातो.

आता मिस्टरांचा मुद्दा. मी कन्व्हेयन्सिंगच्या (घरखरेदीची कायदेशीर कामं करणाऱ्या) ऑफिसात काम करत होते तेव्हा हा प्रसंग ठरलेला असायचा. फॉर्मवरचा प्रश्न मी इंग्रजीत वाचायची : तुमच्या किंवा जोडीदाराच्या मालकीचं जगात कुठे आणखी घर आहे का? टेबलापलीकडे मराठीत खलबतं सुरू. “नाही म्हणून टाक ना.” “अगं, पण बाबांनी तिथे नाव घातलंय.” माझं लग्नानंतरचं आडनाव गुजराती, त्यामुळे मला कळतंय अशी शंकाही कोणाला येत नसे. मी त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबायची आणि मग मराठीत विचारायची, “बाबांनी नाव कधी घातलं?” एकदा एका गृहस्थांच्या हातून पेनच पडलं.

पत्ता लागतो तो असा. कोथरूडचं भाडं मिस्टरांच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं भारतातलं खातं) येत असणार. इथे राहणाऱ्यांच्या परदेशी खात्यांची माहिती भारत दरवर्षी ब्रिटनला देतो, तशी व्यवस्थाच आहे. शिवाय ते भाडं इथल्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलंत (दाखवायचं असतंच) तर तुम्हीच सांगितल्यासारखं झालं. मुद्दाम खोटं लिहिलं असेल तर कर खातं वीस वर्षं मागे जाऊ शकतं, आणि लपवाछपवीचा दंड थेट त्या कराइतका होऊ शकतो. वर सॉलिसिटरने तुमच्या शब्दावर रिटर्न भरलेला असतो, सही तुमची असते. मिस्टरांना म्हणावं, साडेसतरा हजारांसाठी हे नका करू.

आता ती वाट. जुनं राहतं घर विकून नवं राहतं घर घेतलं तर जादा कर लागत नाही. जुनं आधी विकलं गेलं नाही तर आत्ता कर भरायचा, नवं घर घेतल्यापासून तीन वर्षांत जुनं विकायचं आणि रक्कम परत मागायची. जुनं घर परदेशात असलं तरी चालतं. अट अशी की नव्या घराच्या कम्प्लिशनच्या (व्यवहार पूर्ण होऊन ताबा मिळतो त्या दिवसाच्या) आधीच्या तीन वर्षांत कधीतरी तुम्ही त्यात प्रत्यक्ष राहिलेले असायला हवेत. तुम्ही डिसेंबर २०२३ पर्यंत तिथे राहिलात. म्हणजे तुम्ही डिसेंबरच्या ज्या तारखेला कोथरूड सोडलंत, २०२६ मध्ये ती तारीख उलटायच्या आत रेडिंगचं कम्प्लिशन झालं पाहिजे. एकमेकांवर अडकलेल्या खरेदी-विक्रीच्या साखळीत मागच्या-पुढच्या कोणी घोळ घातला आणि ती तारीख उलटली, तर नंतर पुण्याचा फ्लॅट विकूनही हे साडेसतरा हजार परत यायचे नाहीत. ही तारीख सॉलिसिटरला आजच ईमेलने कळवा, फोनवर नको. कोथरूडला राहत होता याचे पुरावेही गोळा करा : सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, वीजबिलं, बँकेची पत्रं. भाडेकरूचा लीव्ह अँड लायसन्स करार कधीपासून आहे तेही बघा, कारण तुम्ही कधी बाहेर पडलात हे त्यावरून दिसतं.

परताव्याचा अर्ज जुनं घर विकल्यापासून बारा महिन्यांत करायचा. तो ऑनलाइन स्वतःला भरता येतो. “तुमचा परतावा काढून देतो, तीस टक्के आमचे” असे फोन येतात, ते ठेवून द्या.

कम्प्लिशनच्या आधीच फ्लॅट विकू शकलात तर उत्तमच, ७,५०० वर भागेल. मात्र त्या दिवशी मालकी खरोखर गेलेली हवी. साठेखत आणि इसार पुरत नाही, खरेदीखताची नोंदणी झालेली पाहिजे. इथून मुखत्यारपत्र पाठवणार असाल तर त्यात दीड-दोन महिने सहज जातात. आणि सासऱ्यांच्या नावे बक्षीसपत्र करायचं मनात आलं असेल तर एक लक्षात ठेवा : महाराष्ट्रातली २०० रुपयांच्या मुद्रांक शुल्काची सवलत नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं आणि विधवा सून यांना आहे. आईवडील त्या यादीत नाहीत. का नाहीत, हे विचारू नका.

प्रश्न : मी अविवाहित, कॉव्हेंट्रीत नोकरी. वडील गेल्या वर्षी गेले, मृत्युपत्र नव्हतं. नाशिकच्या फ्लॅटला सोसायटीत आई नॉमिनी आहे, फ्लॅट ७५ लाखांचा. मी इथे २,८०,००० पौंडांचं घर घेतेय. भाऊ म्हणतो, तुझा हिस्सा राहिला तर तिकडे दुप्पट कर बसेल, लगेच हक्कसोड पत्र करून दे. — एक वाचिका

उत्तर : भावाला तुमच्या इंग्लंडच्या कराची एवढी काळजी आहे हे वाचून बरं वाटलं. पण सही करू नका, निदान या कारणासाठी तरी नको.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, तुम्ही आणि भाऊ यांना एकेक तृतीयांश मिळतो. वारशाने आलेला, निम्मा किंवा त्याहून कमी हिस्सा पहिली तीन वर्षं जादा करासाठी धरत नाहीत. त्यानंतरही तुमचा हिस्सा २५ लाखांचा, म्हणजे जेमतेम २२,००० पौंडांचा. ४०,००० ची रेषा दूरच आहे. तुम्हाला जादा कर नाही.

एक गोष्ट मात्र जाते : पहिल्या घराची सवलत. तिथे वारशाचा हिस्साही मोजतात, तीन वर्षांची किंवा ४०,००० ची सूट तिथे नाही. नाहीतर २,८०,००० वर शून्य कर होता, आता ४,००० पौंड भरावे लागतील. चार हजार पौंड म्हणजे साडेचार लाखांच्या पुढे, आणि भाऊ मागतोय पंचवीस लाखांचा हक्क. हिशेब त्यालाही करून दाखवा.

प्रश्न : आम्ही एडिंबरोला आहोत, मुंबईत दोघांच्या नावे फ्लॅट आहे. जादा कर आम्हालाही ५ टक्केच ना? — एक वाचक

उत्तर : नाही. स्कॉटलंडचा कर वेगळा आणि तिकडचं कर खातंही वेगळं. ५ डिसेंबर २०२४ पासून तिथे जादा कर ८ टक्के आहे, तोही पूर्ण किमतीवर. परदेशातली घरं तिथेही मोजतात. इंग्लंडमधल्या मित्राने दिलेला कॅल्क्युलेटर वापरू नका, सॉलिसिटरही स्कॉटलंडचाच घ्या.