‘अलाऊज टू ओपन’ का खटकते
निपाणीहून आपण पाठवलेला सॉफ्टवेअर-मार्गदर्शिकेचा इंग्रजी मसुदा मी बेळगावात दोनदा वाचला. माहिती चोख आहे, पण ‘द टूल अलाऊज टू ओपन द फाइल’ हे वाक्य अडखळते. मराठीत ‘फाइल उघडू देते’ म्हणताना कोणाला उघडू देते हे सांगावे लागत नाही, आपल्या भोवतालच्या कन्नडातही ते सहज वगळता येते, परंतु इंग्रजीतील ‘अलाऊ’ला अशा रचनेत कर्म लागतेच, म्हणून ‘अलाऊज यू टू ओपन’ लिहावे, किंवा माझ्या मते त्याहून बरे म्हणजे सरळ ‘यू कॅन ओपन’. ‘डिस्कस’नंतरचा ‘अबाउट’ काढावा. ‘लॉगिन’ हे नाम जोडून, तर ‘लॉग इन’ हे क्रियापद तोडून लिहावे. शंका आल्यास शब्दकोशातील अर्थाआधी त्याखालची उदाहरणवाक्ये पाहावीत.