हप्ता डोक्यावर घेऊन वकिली होत नाही

प्रिय मुली,

परवा तू वकिलीच्या शिक्षणासाठीच्या कर्जाचा मंजुरीचा कागद माझ्या टेबलावर ठेवून, "काका, इतिहासात बी.ए. करून तीन वर्षे वाया घालवली का?" असे विचारलेस. इतिहासाची काळजी सोड. जुन्या दस्तांचा अर्थ लावायला शिकलेला माणूस सातबारावरचे फेरफार इतरांपेक्षा लवकर वाचतो. माझी हरकत त्या कागदाला आहे. हप्ता डोक्यावर घेऊन वकिलीत उतरू नये.

दर वर्षी 2 लाख असे 6 लाखांचे कर्ज आणि 10 टक्के व्याज धर. शिक्षणाची तीन वर्षे व पुढचे एक वर्ष हप्ता नाही म्हणून तू निर्धास्त आहेस, पण व्याज त्या काळातही चढत असते; सरळव्याजानेच रक्कम 7 लाख 80 हजारांवर जाते आणि दहा वर्षांत फेडायची तर महिन्याचा हप्ता 10 हजारांपुढे जातो. ज्युनिअर वकिलाला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, असे बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या शिखर संस्थेने 2024 मध्ये सुचवले. सुचवलेच, बंधन घातले नाही. जुनी करप्रणाली निवडली तर आयकरात अशा कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, हे तुझ्या वडिलांचे म्हणणे खरे आहे. पण अगं, आधी कर भरण्याइतके उत्पन्न तर हवे!

मीही कर्ज काढले होते. वकिलीची सनद मिळाल्यावर मला फौजदारी खटले चालवायचे होते, आणि उलटतपासणी शिकवणारे सीनियर मला घ्यायलाही तयार होते. पण ते पहिले वर्षभर काही देणार नव्हते आणि माझा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला होता. म्हणून एका पतपेढीचे वसुलीचे काम घेतले. स्वतःचा हप्ता फेडण्यासाठी मी सात वर्षे इतरांना चेक न वटल्याच्या, कलम 138 च्या नोटिसा पाठवत राहिलो: "नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत." पोचपावत्या फायलीला टाचता टाचता हात सरावला आणि उलटतपासणी राहून गेली. त्या कामावर घर उभे राहिले, मुले शिकली. ते काम कमी प्रतीचे होते असे मी कोणाला म्हणू देणार नाही. तरीही सांगतो, हप्ता घेऊ नकोस.

सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन केंद्रीभूत प्रवेश फेरीतून शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालय मिळव. कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना या फेरीतून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क माफ आहे. तू निवडलेल्या खाजगी विद्यापीठाला ती सवलत लागू नाही. गुण कमी पडले तर एक वर्ष थांब, माझ्या ऑफिसात बैस, पुन्हा परीक्षा दे. वर्ष वाया जाईल म्हणून रडू नकोस. माझी सात गेली.

वडिलांना शुक्रवारी आगाऊ रक्कम भरू देऊ नकोस. रविवारी ये आणि उत्पन्नाच्या दाखल्याची कागदपत्रे बरोबर आण.

तुझा,
काका