नाट्यलेखकांच्या शंका : चार भाषांची एक कार्यशाळा

प्रश्न : सोलापुरात आम्ही सहा जण नाटक लिहितो. घरच्या भाषा मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी. एकत्र बसून एकमेकांची नाटकं घडवायची आहेत. हाताशी फारसा निधी नाही. सुरुवात कशी करावी?

उत्तर : सहा जण पुरेसे आहेत. आठाच्या वर जाऊ नका, मग कुणाच्याच खर्ड्याला वेळ पुरत नाही. एकूण आठ-नऊ महिने धरा.

पहिली भेट सलग चार दिवसांची ठेवा आणि तिथे कुणाकडूनही संहिता मागू नका. रोज सकाळी वीस-वीस मिनिटांचे सराव घ्या. उदाहरणार्थ, दोन पात्रं, एक वस्तू. एकाला ती हवी आहे, दुसरा देत नाही. प्रत्येकानं आपल्या घरच्या भाषेत लिहायचं आणि त्याच भाषेत मोठ्यानं वाचायचं. इतरांना समजलं नाही तरी चालेल, गोषवारा नंतर सांगा. आधी कानावर लय पडू दे. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं नाटकाची कल्पना एका पानात मांडावी.

मग तीन महिन्यांत पहिला खर्डा. दुसऱ्या भेटीत प्रत्येक खर्ड्याचं टेबलाभोवती बसून वाचन करा, पण लेखकाला वाचायला देऊ नका. लिहिणारा स्वतः वाचतो तेव्हा कच्चे संवादही आवाजानं सावरून नेतो. त्यानंतर एखाद्या जाणत्या दिग्दर्शकानं किंवा लेखकानं खर्डा लिहिणाऱ्याशी दीडेक तास एकांतात बोलावं. पुढे दोन-तीन महिन्यांत दुसरा खर्डा आणि अखेरीस नटांसोबत तीन दिवसांच्या तालमीनंतर प्रेक्षकांसमोर वाचन.

या वाचनात संहिता नटांच्या हातातच राहू द्या. नेपथ्य, वेशभूषा, पाठांतर काही नको. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये १९६४ साली स्थापन झालेल्या यूजीन ओनील थिएटर सेंटरनं ही पद्धत रुळवली. कारण व्यवहारी आहे : पाठांतर झालं की नट वाक्य बदलू देत नाही, नेपथ्य उभं राहिलं की दिग्दर्शक प्रसंग कापू देत नाही. हातात कागद असला की आदल्या रात्री लिहिलेलं पान सकाळी वाचता येतं. ऑगस्ट विल्सन या कृष्णवर्णीय नाटककाराचं ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ १९८२ साली तिथेच आकाराला आलं.

आता बिघडतं कुठे ते सांगतो, कारण बहुभाषिक गटात ते हमखास घडतं. समजा, तुमच्यापैकी एकीनं विडी वळणाऱ्या घराचं नाटक लिहिलं. त्यात सून म्हणते, ‘आज पुन्हा छाट काढली.’ बाकीचे विचारतात, छाट म्हणजे काय? पुढच्या खर्ड्यात सून सासूला सांगू लागते, ‘छाट म्हणजे कारखान्यानं नाकारलेल्या विड्या, त्यांचे पैसे मिळत नाहीत.’ जन्मभर विड्या वळलेल्या सासूला! परक्याला समजावं म्हणून घातलेलं असं वाक्य नाटक मारतं. त्याऐवजी सुनेला नाकारलेल्या विड्यांचा ढीग सुपात ओतू द्या, हजारामागची मजुरी बोटांवर मोजू द्या आणि मध्येच थांबू द्या. सगळं कळतं.

दुसरा धोका म्हणजे चर्चा नाटकावरून समाजावर घसरते. ‘तुमच्याकडे खरंच असं असतं का?’ हा प्रश्न आला की लेखक नाटककार उरत नाही, अख्ख्या समाजाचा प्रवक्ता होतो आणि पात्रांना सभ्य करू लागतो. चर्चा चालवणाऱ्यानं हा प्रश्न तिथल्या तिथे थांबवावा. इथे भीड ठेवू नका.

आणखी एक. गटाला एखादी नाट्यसंस्था सुरुवातीपासून जोडून घ्या. पुण्याच्या थिएटर अकादमीनं सतीश आळेकरांच्या पुढाकारानं, फोर्ड फाउंडेशनच्या साह्यानं १९८५ ते १९९४ या काळात नाटककारांच्या विकासाची आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासाची अशा दोन योजना चालवल्या. आमच्या मते ही जोडी अत्यंत योग्य होती. करणारे हात नसतील तर खर्डे कपाटात पडून राहतात.

प्रश्न : वाचनानंतर प्रेक्षक सल्ल्यांचा भडिमार करतात. लेखक गोंधळतो. काय करावं?

उत्तर : नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांची चार टप्प्यांची रीत वापरा. आधी प्रेक्षकांनी काय भिडलं, काय लक्षात राहिलं तेवढंच सांगायचं. मग लेखक प्रश्न विचारतो. मग प्रेक्षक विचारतात, पण प्रश्नात मत दडवायचं नाही. ‘म्हातारी उगाच इतकी का चिडते?’ हे मत झालं. ‘म्हातारीचा राग कुठून येतो असं तुम्ही धरलं आहे?’ हा प्रश्न. शेवटी, ‘अमुक बाबतीत माझं एक मत आहे, ऐकायचं आहे का?’ असं विचारून, लेखक हो म्हणाला तरच मत. चाळीस मिनिटांत आटपा. दुसऱ्याचं नाटक स्वतः लिहू पाहणाऱ्याला याच टप्प्यांमुळे आवर बसतो.

प्रश्न : कार्यशाळेत इतरांनी सुचवलेले प्रसंग नाटकात आले, तर लेखक कोण?

उत्तर : नुसती कल्पना सुचवल्यानं लेखकत्व मिळत नाही, शब्दात मांडणाऱ्याचा हक्क असतो. मात्र दोघांनी मिळून लिहिलं आणि कुणाचं काय हे वेगळं काढता येत नसेल, तर कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ती संयुक्त कृती ठरते. नटांनी तालमीत उत्स्फूर्त बोललेले संवाद जसेच्या तसे ठेवलेत, तर वादाला जागा राहते. म्हणून पहिल्याच दिवशी एक पानाचा करार करा : लेखक कोण, श्रेयनामावलीत कुणाचा उल्लेख कसा, गटाला पहिल्या प्रयोगाचा हक्क किती महिने, तालमीचं ध्वनिमुद्रण कुणाकडे राहील. भाषांतरासाठी मूळ लेखकाची परवानगी लागते आणि भाषांतरकाराचा आपल्या भाषांतरावर स्वतंत्र हक्क असतो, तेही लिहा. प्रत्येक खर्ड्यावर तारीख घाला आणि तो त्याच दिवशी सर्वांना ईमेलनं पाठवा.