मिलेट, मिल्लत आणि बाजरी

प्रश्न असा: एका अनुवादात 'ऑटोमन साम्राज्यातली मिलेट पद्धत' असं वाचलं. हे मिलेट काय, आणि मराठीत कसं लिहावं?

बाजरी-नाचणीशी त्याचा काही संबंध नाही, हे आधी सांगून टाकतो. मूळ अरबी शब्द 'मिल्ला', म्हणजे धर्म किंवा एका धर्माची माणसं. उर्दूत तो मिल्लत झाला, तुर्कीत मिल्लेत. आजच्या तुर्कीत त्याचा अर्थ 'राष्ट्र', म्हणून काही जण तेच लिहून मोकळे होतात. ऑटोमन, म्हणजे उस्मानी तुर्कांच्या साम्राज्याच्या, संदर्भात ते चूकच.

तिथे मिल्लत म्हणजे स्वतःच्या धर्मगुरूच्या हाताखाली लग्न, काडीमोड, वारसा हे प्रश्न आपापसात सोडवणारा समाज. कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर १४५४ साली सुलतान दुसऱ्या मेहमदने गेन्नादिओसला ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, नेमलं, तिथून ही गोष्ट सांगायची रीत आहे. पण 'पद्धत' या शब्दाशी जपून. सगळीकडे एकसारखी, नियमांत बसवलेली व्यवस्था दिसते ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधीच्या कागदांत बिगरमुस्लिमांसाठी बहुधा दुसरेच शब्द येतात: 'जेमाअत' आणि 'ताइफे'. म्हणजे आपली जमात आणि आपला तायफा! (आपल्याकडे तायफ्याचं पुढे नाचगाण्यात काय झालं ते सोडा.) पॅट्रिआर्कला नेमणुकीची सनद मिळे ती 'बेरात', पेशवाई कागदांतल्या 'वराते'ची सख्खी बहीण, फक्त आपल्याकडे वरात म्हणजे पैसे देण्याचा हुकूम. सनदेपोटी सुलतानाला नजराणा जाई तो 'पेशकेश', आपली पेशकश. मोडी वाचणाऱ्याला हे दफ्तर परकं वाटू नये.

'सहिष्णुता' लिहायला हरकत नाही, 'समानता' मात्र नको. जिझिया होता, चर्चच्या डागडुजीलाही परवानगी लागे, आणि वादात एक पक्ष मुसलमान असला की खटला काझीपुढेच. गंमत म्हणजे कित्येक ख्रिश्चन आणि ज्यू आपल्या धर्मगुरूला टाळून आपणहून काझीकडे जात.

माझं मत: 'मिल्लत व्यवस्था' लिहावं, पहिल्यांदा येईल तिथे 'धर्मसमाजांची अंतर्गत स्वायत्तता' असा खुलासा करावा. आणि 'रूम मिल्लत' म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांची मिल्लत, तिचं भाषांतर 'ग्रीक समाज' करू नये. तिच्यात सर्ब आणि बल्गेरियनही होते. बल्गेरियनांना वेगळं चर्च मिळालं ते १८७० साली, सुलतानाच्या फर्मानाने.