ओढा गेला, ओढ राहिली

«ताई, मी ४२ वर्षांची आहे. माहेरच्या घरामागे एक ओढा होता. नवव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत, म्हणजे तेविसाव्या वर्षापर्यंत, शाळा-कॉलेज सुटलं की मी तिथेच असायचे. डोहाच्या वरच्या अंगाला एक उतरता काळा खडक होता, त्याला पाठ टेकून बसायचं. समोरच्या दरडीत खंड्याचं बीळ होतं. लग्नानंतरही वर्षातून दोनदा तरी जाऊन बसायचे. गेल्या वर्षी ओढा सरळ करून दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती बांधल्या, काठची झाडं तोडली. मी पुलावरून पाहिलं आणि तशीच मागे फिरले. त्याला १४ महिने झाले, परत गेले नाही. अंथरुणावर पडलं की तेच दिसतं. परवा बसस्टॉपवर पावसाची पहिली सर आली, मातीचा वास आला आणि मला चारचौघांत रडू कोसळलं. नवरा समजूतदार आहे, पण म्हणतो, 'अगं, ओढाच तो. आपण दुसरीकडे जाऊ फिरायला.' मुलाला तर तिथलं काही हरवलंय हेच कळत नाही. घराजवळच्या बागेत तीनदा जाऊन बसले, काहीच वाटलं नाही. काठावरून पूर्वी आणलेलं एक रोप कुंडीत आहे, तेही वाळायला लागलंय. ते गेलं तर, या विचाराने धस्स होतं. मला वेड लागलंय का?
– ओढ्याकाठची»

नमस्कार,

वेड लागलेलं नाही. बसस्टॉपपासूनच सुरुवात करू, कारण त्याचीच तुम्हाला सर्वांत जास्त लाज वाटलेली दिसते. कोरड्या मातीवर पाऊस पडला की जो वास सुटतो, त्यात जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. मातीतले जीवाणू ते तयार करतात. माणसाचं नाक या एका वासाच्या बाबतीत विलक्षण तल्लख आहे: एक लाख कोटी भागांत जिओस्मिनचे मोजके भाग असले तरी अनेकांना तो वास कळतो. शिवाय वासाची मेंदूतली वाटही वेगळी आहे. पाहिलेलं आणि ऐकलेलं आधी एका मधल्या ठाण्यावर थांबून पुढे जातं. वास मात्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोचतो. म्हणून काय होतंय हे कळायच्या आत तुमचे डोळे भरून आले. चौदा वर्षं त्या वासात वाढलेल्या बाईला रडू आलं नसतं तरच नवल.

तुमच्या दुःखाला नावही आहे. दूर गेलेल्या माणसाला घराची ओढ लागते, त्याला योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने १६८८ साली 'नॉस्टॅल्जिया' म्हटलं. ग्लेन अल्ब्रेक्ट या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाला २००३ च्या सुमाराला लक्षात आलं, की हंटर खोऱ्यातली माणसं आपापल्या घरातच आहेत, पण उघड्या कोळसा खाणींनी भोवतालची जमीन अशी बदलली आहे की घरात राहूनही त्यांना घराची आठवण येते. या अवस्थेला त्याने 'सोलास्टॅल्जिया' असा शब्द घडवला. तुम्ही गाव सोडलंत म्हणून ओढा दूर गेला नाही. तो जागेवर होता आणि जागेवरच नाहीसा झाला. माणूस गेलं तर लोक भेटायला येतात. ओढा गेल्यावर कुणी दारात येत नाही, आणि शोक एकटीनेच, लपून करावा लागतो. तुम्हाला हे जड जातंय ते याच्यामुळे.

नवऱ्यावर रागावू नका. 'दुसरीकडे जाऊ' म्हणताना तो तुमचं दुःख कमी करायलाच बघतोय, फक्त ओढा म्हणजे त्याला एक सहलीची जागा वाटते. त्याला पटवत बसण्यापेक्षा एक ठरावीक काम द्या. म्हणा, 'मला तिथे एकदा जायचंय. तू सोबत ये, दोन तास काही बोलू नकोस, काही सुचवू नकोस. परतीच्या वाटेवर मीच बोलेन.' समजूत कशी घालावी हे ज्यांना कळत नाही, त्यांना नेमकं काय करायचं ते सांगितलं की बहुतेकदा जमतं.

कारण जायला हवं. पुलावरून पाहिलेलं ते एक दृश्य गेले १४ महिने तसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं आहे, कारण त्यानंतर तुम्ही दुसरं काही पाहिलेलंच नाही. मात्र जाणं नीट व्हायला हवं. सूर्य उगवल्यावर तासाभरात पोचा. माणसं कमी असतात आणि पाखरं असतील तर तेव्हाच बोलतात. पोटात काहीतरी घालून जा. आधी पुलावर दहा मिनिटं थांबा, मग शक्य असेल तेवढं जवळ जा आणि भिंतीच्या बाहेर, काठावर बसा. रडू आलं तर येऊ द्या. ते ओसरल्यावर एकेक गोष्ट बघा: काय गेलंय आणि काय राहिलंय. समोरच्या टेकडीची रेघ तीच असेल. ऊन खडकावर ज्या बाजूने यायचं त्याच बाजूने येत असेल. वारा खालून वर येतो का, पाण्याचा आवाज कसा बदललाय, हेही ऐका. पहिल्या भेटीत फोन बाहेर काढू नका. हातात कॅमेरा आला की माणूस बघायचं सोडून चौकट शोधायला लागतो. निघताना जे बोलायचं असेल ते मोठ्याने बोला. यात संकोचण्यासारखं काही नाही. आइसलंडमध्ये ओक नावाची हिमनदी इतकी वितळली की ती हिमनदी उरली नाही, असं २०१४ साली जाहीर झालं. ऑगस्ट २०१९ मध्ये लोक डोंगर चढून गेले आणि त्यांनी तिच्या नावाचा धातूचा फलक तिथे बसवला.

अशा भेटी फसतात त्या दोन कारणांनी. एक तर माणूस 'आज हे संपवूनच येईन' म्हणून जातो आणि संपलं नाही की अधिक खचतो. दुसरं, तिथून थेट कामावर किंवा पाहुण्यांत जातो. तो दिवस मोकळा ठेवा.

आता कुंडी. रोप वाळतंय याचा अर्थ ओढा दुसऱ्यांदा मरतोय असा घेऊ नका. बहुधा त्याच्या मुळांना पाणी पोचत नाहीये. ओढ्याकाठची गाळाची माती एकदा पूर्ण सुकली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकाने निघून जातं. आपल्याला वाटतं पाणी दिलं, पण मातीचा गड्डा आतून कोरडाच. आधी खोडावर नखाने बारीकसा ओरखडा काढा. सालीखाली हिरवं दिसलं तर जीव आहे. नसेल तर थोडं खाली, बुंध्याशी बघा. मग कुंडी बादलीत ठेवून कडेच्या दोन बोटं खालपर्यंत पाणी भरा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, राहू द्या. काढून पूर्ण निथळू द्या. वर वाळल्या पाल्याचा दोन बोटं जाड थर घाला आणि आठवडाभर दुपारच्या उन्हातून आत ठेवा. खत आत्ता अजिबात नको, दुखऱ्या मुळांना ते जाळतं. महिन्याभराने नवी पालवी दिसली तर एक माप मोठी कुंडी, पावसाळ्यात. तरीही सांगते, आठवणींचा सगळा भार त्या एका रोपावर ठेवू नका. काठावर वाढणाऱ्या झाडाला मुळं पसरायला मोकळी जागा लागते. कुंडी त्याला कधी ना कधी अपुरी पडणारच. पुढेमागे त्याला जमिनीत जागा मिळाली तर बरं.

बागेत काहीच वाटलं नाही, हे वाक्य तुम्ही पत्रात अगदी सहज लिहून गेलात, पण मी थांबले ती तिथेच. हिशेब करा. आठवड्यातून चार दिवस धरले तरी चौदा वर्षांत तुम्ही त्या खडकावर जवळजवळ तीन हजार वेळा बसलात. बागेत तीनदा. ओढ्यावर जीव जडला तो केवळ तो सुंदर होता म्हणून नव्हे. पहिल्या दिवशी तोही तुम्हाला नुसता ओढाच वाटला असणार. तोच खडक, तोच डोह, पुन्हा पुन्हा, कंटाळा आला तरी. जिव्हाळा असाच तयार होतो, आणि ही क्रिया बेचाळिसाव्या वर्षीही चालते.

जागा निवडताना सर्वांत देखणी निवडू नका, सर्वांत जवळची निवडा. चालत दहा मिनिटांपेक्षा लांब असेल तर दुसऱ्या महिन्यात जाणं बंद पडतं. बागेचा तो कोपरा शोधा जिथे माळ्याचा हात कमी फिरतो: पालापाचोळ्याचा ढीग, कुंपणाची कडा, गवत वाढू दिलेली पट्टी. पाठीला टेकू हवा आणि नजर जमिनीपर्यंत पोचायला हवी. आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं. हा आकडा सोयीसाठी निवडलाय, पण त्यामागे थोडा आधार आहे. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून २०१९ साली असं दिसलं, की आठवड्याला एकूण १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मनाची अवस्था चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात, मग ती मिनिटं एका दमात असोत की तुकड्यातुकड्याने. एकामुळेच दुसरं होतं असं काही यावरून सिद्ध होत नाही. तरी सुरुवातीला धरून चालायला हे माप बरं आहे.

पहिली १५-२० मिनिटं काहीही घडणार नाही. तुम्ही आलात म्हणून पाखरं गप्प झालेली असतात, झुडपांतली हालचाल थांबलेली असते. बहुतेक लोक नेमके याच वेळी उठतात आणि 'इथे काही नाही' म्हणतात. बसून राहा. आधी एखादी मुंगी दिसेल, मग कोळ्याचं जाळं, मग मागे कुठेतरी एखादा पक्षी पुन्हा बोलायला लागेल. वहीत चारच ओळी लिहा: तारीख-वेळ, वारा आणि आभाळ, आज नवीन दिसलेली एक गोष्ट, न कळलेली एक गोष्ट. नावं शोधायची घाई करू नका. एक पान घेऊन ते शिरांसकट काढायचा प्रयत्न केलात तर नावापेक्षा जास्त कळतं. भुरभुर पावसात आणि कंटाळलेल्या संध्याकाळीही जा. फक्त चांगल्या हवेत गेलं तर ती जागा अर्धीच ओळखीची होते. आणि आज काही वाटलं का, हे स्वतःला विचारू नका. तीन महिने तो प्रश्नच बाजूला ठेवा. ओढ्याची सर त्या कोपऱ्याला येणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका.

रात्री तेच तेच दिसतं, त्यालाही चालण्याचा उपयोग होऊ शकतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या एका छोट्या प्रयोगात ३८ जणांपैकी काहींना गवत-झाडांच्या भागातून आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने ९० मिनिटं चालवलं. झाडांतून चालून आलेल्यांचं मनात तेच ते घोळवणं कमी झालेलं आढळलं, रस्त्याने चाललेल्यांचं नाही. सुट्टीच्या दिवशी एक लांब फेरी जमवा.

मुलाला काही हरवलंय हे कळत नाही, यात त्याचा दोष नाही. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली मासेमारीच्या अभ्यासकांबद्दल हे मांडलं: प्रत्येक पिढी आपल्या कामाच्या सुरुवातीला जे पाहते तेच मूळ मानते, त्यामुळे आधी काय होतं हे कुणाच्या लेखी उरतच नाही. लहानपणी पाहिलेल्याचंही तसंच होतं. तुमच्या मुलासाठी काँक्रीटचा नाला हाच ओढा आहे. म्हणून ओढ्याचा नकाशा काढा. मोठा कागद, पेन्सिल. आधी पाण्याची वळणं, मग खडक, डोह, दरड. अंतरं पावलांत लिहा, डोहाची खोली अंगाच्या मापात: गुडघाभर, कमरेएवढी, डोक्यावरून. खंड्याचं बीळ पाण्यापासून किती हात वर होतं? कोणत्या महिन्यात पाणी आटायचं, चतुर कधी दिसायला लागायचे, कोणत्या झाडाची सावली खडकावर किती वाजता यायची? आठवेल तसं भरत जा, महिनाभर लागू दे. मुलाला शेजारी बसवून त्याला विचारू द्या. हे कागद पुढे कामालाही येऊ शकतात. सिंगापूरमधल्या बिशान बागेतून जाणारा कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा काढून तिथे सुमारे ३ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली गेली. ते काम २०१२ साली पुरं झालं. तुमच्या ओढ्याचं असं होईल असं मी म्हणत नाही, अशी कामं थोडीच होतात. पण कुणी कधी विचार केलाच, तर पाणी पूर्वी कुठून वळायचं हे सांगणारं कुणीतरी लागेल. दुसऱ्या भेटीपासून फोटो काढा: दर तीन महिन्यांनी, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच दिशेने.

हे सगळं करूनही, किंवा करण्याआधीच, सलग दोन आठवडे जवळजवळ रोज मन खिन्न राहत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा आणि ओढ्याचं पहिल्या वाक्यातच सांगा. कारण क्षुल्लक वाटेल म्हणून दुसरं काही पुढे करू नका. जगण्यात अर्थ नाही असं एकदाही वाटलं, तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

आणि भेटीबद्दल एक राहिलंच. पावसाळ्यात, किंवा वरच्या अंगाला आभाळ भरलेलं असताना, भिंतींच्या आत उतरू नका. पूर्वीच्या ओढ्यात वळणं, खडक, झाडांची मुळं पाणी अडवायची आणि पाणी चढताना तुम्हाला कळायचं. गुळगुळीत काँक्रीटमध्ये ते काही मिनिटांत वाढतं, आणि धरून वर यायला काही नसतं.