काठी धरण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ब्रेनस्पॉटिंगचं, म्हणजे नजर एका जागी स्थिर ठेवून मनातल्या आघातावर काम करायच्या पद्धतीचं, तीन दिवसांचं ट्रेनिंग संपवून आल्या आल्या तू लिहिलेला मेल दोनदा वाचला. तुझा उत्साह पाहून बरं वाटलं. पण "आता क्लायंटना थेट हेच द्यायचं, बोलत बसण्यात महिने का घालवायचे?" हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्यासाठीच हे पत्र.

ट्रेनिंगमध्ये तुला ती स्केटरची गोष्ट सांगितली असेलच. २००३ साली न्यूयॉर्कचे डेव्हिड ग्रँड एका सोळा वर्षांच्या फिगर स्केटरसोबत काम करत होते. बर्फावरची तिची ट्रिपल लूप काही केल्या जमत नव्हती. ती उडी मनात आणून ती त्यांच्या बोटांमागे डोळे फिरवत असताना, एका जागी तिचे डोळे थरथरले. ग्रँड यांनी बोटं तिथेच थांबवली. पुढची काही मिनिटं तिच्या मनातून कितीतरी जुनं बाहेर येत राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती उडी जमली, असं ते सांगतात. ही गोष्ट ऐकताना आपल्याला ती उडी लक्षात राहते. मला त्यातलं थांबणं महत्त्वाचं वाटतं. ग्रँड त्याआधी अनेक वर्षं ईएमडीआर (डोळे इकडून तिकडे हलवत त्रासदायक आठवणींवर काम करायची पद्धत) करत होते, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातून वाचलेल्या कितीतरी लोकांसोबत बसले होते. नजर अडखळली हे त्यांना दिसलं, कारण तोवर शेकडो चेहरे त्यांनी मन लावून पाहिले होते. तुझ्या हातात पॉइंटर, म्हणजे नजर टेकवायची ती काठी, आला आहे. तसं पाहणं यायला वेळ लागेल, आणि तो लागू दे.

आपल्या भाषेला यातलं बरंच आधीपासून ठाऊक आहे. शोकात बसलेल्या माणसाबद्दल आपण म्हणतो, शून्यात नजर लावून बसलाय. अपघात पाहिलेला म्हणतो, डोळ्यांसमोरून हलत नाही. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, पायांतलं बळ जातं. ट्रेनिंगमध्ये "शरीरात कुठे जाणवतंय?" असं विचारायला शिकवतात, पण तो प्रश्न तसाच मराठीत विचारलास तर निम्मे लोक गोंधळतात. त्याऐवजी त्यांचाच शब्द धर. "गोळा म्हणालात ना, तो आत्ता आहे? वर सरकतोय की तिथेच आहे?" त्रास किती हे मोजायची शून्य ते दहा ही पट्टीसुद्धा साठीच्या पुढच्या बाईंना परकी वाटते. मी विचारते, रुपयातले किती आणे? "बारा आणे होतं, आता चार आणे उरलंय," हे उत्तर मला कुठल्याही आकड्याइतकंच पुरतं.

आता पुराव्याबद्दल. हे तुला क्लायंटलाही सांगावं लागेल, म्हणून नीट ऐक. ईएमडीआरची सुरुवात फ्रान्सिन शपिरो यांच्या १९८७ सालच्या एका निरीक्षणातून झाली. बागेत चालताना डोळ्यांची हालचाल आणि मनातला त्रास यांचा काही संबंध त्यांना जाणवला. १९८९ साली त्यांनी २२ जणांवरचा पहिला अभ्यास छापला. पुढे त्यावर खूप संशोधन झालं, वादही झाले. डोळे हलवण्यानेच गुण येतो की आठवणीला सुरक्षितपणे सामोरं जाण्याने, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. तरी २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या विकारासाठी ज्या उपचारांची शिफारस केली त्यांत ईएमडीआर आहे. ब्रेनस्पॉटिंग त्यांत नाही. त्यावरचे अभ्यास थोडे आणि छोटे आहेत. २०१७ सालच्या अभ्यासात ७६ प्रौढ होते, निकाल आशादायक होते, पण लेखकांमध्ये स्वतः ग्रँडही होते. नजर वळवण्यात मध्यमेंदूचा भाग असतो हे खरं. पण आठवण मेंदूत अमुक जागी अडकून बसते आणि नजरेने ती जागा नेमकी सापडते, हा अजून तर्क आहे. "मेंदूतली गाठ सोडवते" असं कुणाला सांगू नकोस. "ही नवी पद्धत आहे, काहींना उपयोग होतो, पुरावा अजून कमी आहे, आणि नको वाटलं तर कधीही थांबू," एवढं सांग. असं सांगितल्यावर माझ्यासमोरून आजवर कुणी उठून गेलेलं नाही.

आणखी एक. वर पाहिलं की चित्र आठवतं, अमुक बाजूला पाहिलं की खोटं बोलतो, असलं काही याच्यात मिसळू नकोस. ते एनएलपी (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग) शिकवणाऱ्यांचे दावे आहेत, आणि खोटं बोलण्याबाबतचा दावा २०१२ साली तपासला तेव्हा टिकला नाही. त्राटकाशीही याची सांगड घालू नकोस. त्राटकात नजर स्थिर करून मन एकाग्र करायचं असतं. इथे नजर स्थिर असते, मनाला मात्र जिथे जायचं तिथे जाऊ द्यायचं असतं.

एका ड्रायव्हरबद्दल सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून. घाटात रात्री अपघात झाला होता, सोबतचा क्लीनर गेला. समोरून हेडलाइट आला की याच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. स्टिअरिंग सुटलं, घर बायकोच्या शिवणकामावर चाललं होतं. पहिले पाच आठवडे मी पॉइंटर काढलाच नाही. झोप, दारू, कर्जाचे हप्ते, क्लीनरच्या घरी जाऊन यायचं की नाही, एवढंच बोललो. तेव्हा लक्षात आलं की त्या रात्रीचा विषय निघाला की तो डावीकडे खाली, टेबलाच्या पायाकडे पाहतो. दर वेळी तिथेच. सहाव्या आठवड्यात मी म्हटलं, "राहू द्या नजर तिथेच. बोलायची गरज नाही." मग वीस-बावीस मिनिटं खोलीत फक्त पंख्याचा आवाज. दोनदा त्याचा श्वास अडकला, एकदा हात थरथरले. मी काही केलं नाही. शेवटी तो म्हणाला, "हात माझ्याच हातात होता त्याचा. गार पडला तरी मी सोडला नव्हता." तोवर त्याच्या लेखी तो फक्त सोबत्याला मारणारा माणूस होता.

त्यानंतर आणखी तीन महिने गेले तेव्हा त्याने पुन्हा गाडी हातात घेतली, तीही दिवसाचीच. त्या नजरेने किती काम केलं आणि त्याआधीच्या पाच आठवड्यांनी किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते पाच आठवडे नसते तर त्याने ती वीस मिनिटं माझ्यासमोर काढली नसती, याची मला खात्री आहे.

उलटही घडलंय. एक कॉलेजची मुलगी आली होती. मी दुसऱ्याच भेटीत पॉइंटर हातात घेतला. पाच-सात मिनिटांत तिचा चेहरा कोरा झाला, हाक मारली तरी ती जणू तिथे नव्हतीच. खुर्चीचा हात चाचपायला लावून, पाय जमिनीवर टेकवून, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायला लावून तिला परत आणलं. मग कळलं की ज्याची तिला भीती होती तो माणूस त्याच घरात राहत होता. मी आधी विचारलंच नव्हतं. ती पुन्हा आली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिले प्रश्न नेहमी तेच. आत्ता, या घडीला, हा माणूस सुरक्षित आहे का? घरी कोण आहे? मधूनमधून भान हरपतं का, वेळ कुठे गेला ते कळत नाही असं होतं का? तसं असेल, किंवा भास होत असतील, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील, तर पॉइंटर ड्रॉवरमध्ये राहू दे आणि मानसोपचारतज्ज्ञांना फोन कर. सेशन झाल्यावर रात्री अस्वस्थ वाटलं तर काय करायचं हे कागदावर लिहून हातात दे, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही त्यावर असू दे. आणि सुरुवात अंगातल्या त्यातल्या त्यात शांत जागेपासून कर. कुणाला तळपाय शांत वाटतात, कुणाला पाठ. त्या जागेशी जुळणारी नजर आधी सापडू दे. त्रास वाढला की परतायला एक जागा असली पाहिजे.

गप्प बसणं तुला जड जाईल, मी तुला ओळखते. क्लायंट रडायला लागला की तू रुमाल पुढे करतेस, समजूत घालतेस. आपल्या घरांमध्ये रडणाऱ्याला "उगी, उगी" म्हणायची सवय असते, आणि ती मायेचीच असते. पण त्या वीस मिनिटांत "उगी" म्हणालीस तर तो तुझ्यासाठी रडणं आवरेल. काठी स्थिर धर, स्वतःचा श्वास सांभाळ, आणि तो जिकडे जाईल तिकडे मागून जा.

शनिवारी चारनंतर मी मोकळी आहे. ये. पॉइंटर घेऊन ये, पण तो मी धरेन. आधी तू समोरच्या खुर्चीत बस.

तुझी,
मॅडम