पदनामात ‘प्रोजेक्ट’ नाही, तरी पीएमपी करता येतं का? आयटीबाहेरचे लोक या सर्टिफिकेशनपर्यंत पोचतात कसे?

तुम्ही रुग्णालयाच्या प्रशासनात आहात, पदनामात ‘प्रोजेक्ट’ शब्द नाही, आणि पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांचं प्रमाणपत्र) आपल्यासाठी आहे की फक्त आयटीवाल्यांसाठी, असं तुम्ही विचारलंय.

फक्त अभ्यासाची हौस म्हणून इकडे वळणारे थोडेच. बहुतेक जण कुठेतरी अडतात म्हणून येतात. बांधकामातल्या इंजिनिअरला निविदेत अट दिसते की प्रकल्पप्रमुख प्रमाणपत्रधारक हवा. औषधनिर्मितीत वेळापत्रकं सांभाळणाऱ्याला बढतीच्या जाहिरातीत ‘पीएमपी असल्यास प्राधान्य’ ही ओळ दिसते. बँकेत नवी प्रणाली बसवायला आलेले सल्लागार ‘बेसलाइन’, ‘चेंज रिक्वेस्ट’ असं बोलू लागतात आणि तेच काम वर्षानुवर्षं केलेला माणूस बैठकीत गप्प बसतो. मग तो शोधाशोध करतो आणि त्याच्या लक्षात येतं की हे सगळं आपण करतच होतो, फक्त या नावांनी नाही. पीएमपी देणारी पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) ही संस्था १९६९ सालची आणि प्रमाणपत्र १९८४ पासूनचं. ते आयटीपुरतं कधीच नव्हतं.

पदनामाला महत्त्व नाही. प्रकल्पाचं नेतृत्व तुम्ही केलं का, एवढंच पाहिलं जातं. बॅचलर पदवी असेल तर असा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, शालेय शिक्षणापर्यंतच असेल तर ६० महिन्यांचा. शिवाय प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं ३५ तासांचं प्रशिक्षण. अनुभव अलीकडचाच लागतो. किती वर्षांपर्यंतचा चालतो, ते अर्जाआधी पीएमआयच्या चालू हँडबुकमध्ये पाहून घ्या. नियम अधूनमधून बदलतात.

घोळ होतो तो इथे. प्रशासनातला माणूस आठ वर्षांची नोकरी म्हणजे ९६ महिने धरून चालतो. पण ड्यूटी लावणं, औषधांचा साठा पाहणं, महिन्याचे अहवाल हे चालू कामकाज झालं. त्यातला एकही महिना मोजायचा नाही. सुरुवात आणि शेवट ठरलेला आहे आणि शेवटी काहीतरी नवं उभं राहतं, तो प्रकल्प. वॉर्ड नव्या इमारतीत हलवणं, कागदी केसपेपर बंद करून संगणकीय नोंदी सुरू करणं, मानांकनाची तयारी, नवा अतिदक्षता विभाग: अशी कामं आठवून वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे सुरुवातीचा व शेवटचा महिना लिहा. आता एकावर एक येणारे महिने काढून टाका. एक काम जानेवारी ते जून चाललं आणि दुसरं एप्रिल ते सप्टेंबर, तर बेरीज १२ नाही, ९ महिने होते. ही वजाबाकी आधी न करणाऱ्यांचा अर्ज महिन्यांवरच अडकतो.

पुढे प्रत्येक प्रकल्पाचं वर्णन. ‘वॉर्ड स्थलांतराच्या कामात सहभागी होतो, सर्व विभागांशी समन्वय ठेवला’ असं लिहिलंत तर तुम्ही नेतृत्व केलं की फक्त हजर होता, हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी असं काहीतरी लिहा: ‘उद्दिष्ट: ४० खाटांचा वॉर्ड रुग्णसेवा न थांबवता नव्या इमारतीत हलवणे. व्याप्ती व वेळापत्रक मी ठरवले, ऑक्सिजन वाहिनीच्या चाचणीला उशीर होण्याची जोखीम नोंदवून पर्यायी तारीख ठेवली, कंत्राटदाराच्या वाढीव कामाची मंजुरी घेतली, शेवटी हस्तांतराची कागदपत्रे पूर्ण केली.’ उद्दिष्ट, तुमची भूमिका, तुम्ही काय केलं आणि काय हाती आलं, हे चारही त्यात यायला हवं. आणि ‘आम्ही’ टाळा. मराठी माणसाला ‘मी केलं’ लिहिताना संकोच वाटतो, पण इथे तो संकोच महागात पडतो.

काही अर्ज चिठ्ठी काढावी तसे पडताळणीसाठी निवडले जातात. तेव्हा पदवीची प्रत, प्रशिक्षणाचा दाखला आणि प्रत्येक प्रकल्पाची माहिती असलेल्या व्यक्तीचा दुजोरा लागतो. त्या व्यक्तीकडे स्वतः पीएमपी असायची गरज नाही. जुने वरिष्ठ नोकरी सोडून गेलेले असतात आणि मग धावपळ उडते, म्हणून अर्ज पाठवण्याआधीच त्यांना फोन करून तारखा जुळवून घ्या.

महिने कमी भरले तर ओढूनताणून आकडे बसवू नका. पीएमआयच्याच सीएपीएम या सुरुवातीच्या पातळीच्या प्रमाणपत्राला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. प्रिन्स टू ही प्रकल्प व्यवस्थापनाची दुसरी पद्धत ब्रिटिश सरकारी कामांतून आली. तुमचा ग्राहक किंवा मालक ती वापरत असेल तरच तिच्या वाटेला जा. दोन दिवसांचा स्क्रमचा (छोट्या टप्प्यांत काम करण्याची, आयटीत रुळलेली पद्धत) कोर्स आणि पीएमपी यांना एकाच मापाने मोजू नका. रुग्णालय प्रशासनात निव्वळ स्क्रमचा फारसा उपयोग होईल असं मला वाटत नाही.

परीक्षेत १८० प्रश्न असतात, बरेचसे प्रसंगावर: अमुक घडलं, प्रोजेक्ट मॅनेजरने आधी काय करावं? अनुभवी माणसं इथेच चुकतात, कारण आपल्या ऑफिसात जे करतात तेच उत्तर देतात. साहेबांच्या कानावर घालणं हा आपल्याकडचा पहिला उपाय असतो. परीक्षेत बहुधा आधी कारण तपासायचं, परिणाम मोजायचा आणि संबंधितांशी बोलायचं असतं. दुसरं म्हणजे प्रश्नांचा मोठा हिस्सा ॲजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल सामावत काम करण्याच्या) आणि मिश्र पद्धतींवर असतो. तुमच्या कामात त्या आल्या नसतील तर अभ्यासाचा जास्त वेळ तिकडे द्या. सराव परीक्षेत नुसते गुण बघू नका. चुकलेल्या प्रश्नात कोणत्या शब्दाने दिशा बदलली, ते प्रत्येक वेळी लिहून ठेवा.

पास झाल्यावर दर तीन वर्षांत ६० पीडीयू (शिकत राहिल्याबद्दल मिळणारे गुण) जमवावे लागतात, नाहीतर प्रमाणपत्र आधी निलंबित होतं आणि नंतर रद्द. ही नोंद पहिल्या वर्षापासूनच ठेवत जा.